मुलगी प्रार्थनेला बसत नाही, मुलगा आजीबद्दल विचारतो: बापाने काय करावं?

जय ख्रिस्त.

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही डोंबिवलीत राहता, रोज सीएसएमटीला कामाला जाता, घरी यायला साडेआठ-नऊ होतात. जेवणं उरकली की साडेनऊला कौटुंबिक प्रार्थना, ही तुमच्या वडिलांपासूनची रीत. चौदा वर्षांची मुलगी गेले चार महिने टाळाटाळ करते. बसलीच तर मोबाइल मांडीखाली. परवा म्हणाली, "पप्पा, मला यातलं काहीच वाटत नाही, मग नाटक कशाला करू?" आठ वर्षांच्या मुलाचं वेगळंच: आपण रोज प्रार्थना केली, तरी आजी का गेली? त्यातच पाळकसाहेबांनी जूनपासून शब्बाथ शाळेचा, म्हणजे रविवारी चर्चमध्ये मुलांसाठी भरणाऱ्या शाळेचा, एक वर्ग घ्यायला सांगितलाय. तुम्ही लिहिलंय, "घरातली दोन मुलं सांभाळता येत नाहीत, तिथे वीस जणांना काय शिकवू? मुलीला सक्ती करू का?"

मी महापालिकेच्या मराठी शाळेत चौतीस वर्षं गणित आणि मराठी शिकवलं. शब्बाथ शाळेत एकोणतीस वर्षं. तीन मुलं वाढवली, आता नातवंडं आहेत. मी पाळक नाही. जे केलं, जे चुकलं आणि जे चुकल्यावर कळलं, तेवढंच सांगू शकतो.

आधी मुलीचं. तिने तुम्हाला खरं सांगितलं, याबद्दल देवाचे आभार माना. हे मी मनापासून म्हणतोय. चौदा वर्षांची मुलगी बापाला तोंडावर "मला काही वाटत नाही" म्हणते, तेव्हा तिचा अजून बापावर भरवसा असतो. भरवसा उडालेली मुलं मी वर्गात पुष्कळ पाहिली. ती डोळे मिटून गुपचूप बसतात, मुखपाठ खडाखडा म्हणतात, बक्षिसं घेतात आणि अकरावीला कॉलेजात गेली की चर्चचं दार पुन्हा बघत नाहीत. त्यांच्या आईवडिलांना शेवटपर्यंत कळत नाही की मूल गेलं कधी.

आता सक्तीबद्दल. इथे मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

माझा मोठा मुलगा तेव्हा दहा वर्षांचा होता आणि त्याच्या वर्गाला शब्बाथ शाळेत मीच शिकवत होतो. वार्षिक मुखपाठ स्पर्धा होती. तेविसावं स्तोत्र, सहा वचनं. घरी त्याने ते वीस वेळा तरी म्हणून दाखवलं होतं. व्यासपीठावर गेला, पहिली तीन वचनं नीट म्हटली, चौथ्याला "मृत्युच्छायेच्या दरीतूनही" इथपर्यंत आला आणि थांबला. माझ्याकडे पाहिलं. पुढचे दोन शब्द नुसते ओठ हलवून सांगायचे, एवढंच माझं काम होतं. पण सगळी मंडळी बघत होती, शिक्षकाचाच मुलगा अडकला होता, आणि मला लाज वाटली. मी म्हणालो, "पाठ नव्हतं तर नाव कशाला दिलंस? बस खाली." ते माईकवर गेलं. तो उतरला, आईजवळ न जाता अगदी शेवटच्या बाकावर जाऊन बसला. पुढचे अडीच महिने घरच्या प्रार्थनेत त्याने तोंड उघडलं नाही. यायचा, बसायचा, डोळे मिटायचा. "आमेन"सुद्धा नाही.

त्या अडीच महिन्यांत मी आधी दुर्लक्ष केलं, मग समजावलं, मग आईबापांचं ऐकण्याबद्दलची वचनं शोधशोधून नेमकी तीच संध्याकाळी वाचायला लागलो. शास्त्र असं वापरायचं नसतं, हे मला कळत होतं आणि तरी मी ते करत होतो.

मग एका रविवारी उपासना संपवून भायखळ्याहून विक्रोळीला परतताना मेगाब्लॉक लागला. बायको आणि मुली तिच्या माहेरी थांबल्या होत्या, आम्ही दोघंच. माटुंग्यानंतर गाडी फास्ट लाइनवर घेतली आणि शीव-कुर्ल्याच्या मधे ती उभीच राहिली. डबा अर्धा रिकामा, वर पंखा खडखडत होता. तो खिडकीशी, मी त्याच्या शेजारी, दोघांच्या नजरा बाहेर रुळांवर. समोरासमोर असतो तर मला ते बोलता आलं नसतं. मी म्हणालो, "त्या दिवशी तू अडकलास तेव्हा मी मदत करायला हवी होती. मला माझी लाज वाटली म्हणून मी तुला बसवलं. चुकलं माझं. मला माफ कर." तो काही बोलला नाही. गाडी हलली. कुर्ला आलं, गेलं. घाटकोपरला माणसं चढली. मग तो हळूच म्हणाला, "मला येत होतं ते. तुम्ही तसं बघितलंत ना, म्हणून विसरलो."

त्या रात्री तो प्रार्थनेत बोलला, असं मात्र झालं नाही. आणखी दीडेक आठवडा गेला आणि एका संध्याकाळी म्हणाला, आज मी वाचू का?

त्या प्रवासानंतर मी घरातली बसण्याची रीत बदलली. तोवर मी खुर्चीवर आणि मुलं समोर सतरंजीवर, म्हणजे वर्गच. आता मीही सतरंजीवर, मुलांच्या रांगेत. कोणता भाग वाचायचा ते ज्याची पाळी तो ठरवणार. तुम्हाला वाटेल हे अगदीच किरकोळ आहे. पण बाप समोर बसतो तेव्हा मुलं बापाला तोंड देत असतात आणि शेजारी बसतो तेव्हा दोघंही एकाच दिशेला बघत असतात. पवित्र शास्त्रातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याची आज्ञा आहे, तिथे चार वेळा सांगितल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. आपण त्यातली पहिलीच धरून ठेवली. माझ्या मुलांशी देवाबद्दल जे काही खरं बोलणं झालं, ते जवळजवळ सगळं उरलेल्या तीन वेळांना झालं. स्टेशनच्या पुलावर, रेशनच्या रांगेत, दिवा मालवल्यावर. तुम्ही डोंबिवलीकर, रोजचे तीन तास गाडीत जातात, मुलांसाठी वेळ कुठून आणणार, हे मला कळतं. म्हणूनच रविवारी चर्चला जाता-येतानाचा वेळ वाया घालवू नका. त्या वेळेत फोन खिशात ठेवा. बोललंच पाहिजे असं नाही. शेजारी बसा.

तर सक्ती करायची का? माझं मत सांगतो, कुणाला पटेल, कुणाला नाही. बसणं हा घराचा नियम असू द्या, प्रार्थना करणं हा नियम नको. भूक नसली तरी आपण जेवायला सगळ्यांसोबत बसतो, तसं सात-आठ मिनिटं बसायचं, फोन दुसऱ्या खोलीत, बापाचासुद्धा. पण तिला "आज तू प्रार्थना कर" म्हणू नका, डोळे मिटलेत का ते बघू नका, आणि तिच्या देखत तिच्यासाठी "हिला सुबुद्धी दे" अशी प्रार्थना तर अजिबात करू नका. ती प्रार्थना देवाला उद्देशून केलेली असते, पण ऐकवायची मुलीला असते, आणि मुलांना हे बरोबर समजतं. तिच्यासाठी प्रार्थना जरूर करा, ती तिच्या माघारी.

आणखी एक. या वर्षी तिच्या वयाची मुलं दृढीकरणाच्या, म्हणजे आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीच्या, वर्गाला बसत असतील. तिच्या मैत्रिणी बसतायत म्हणून, किंवा मंडळीत काय म्हणतील म्हणून तिला ढकलू नका. त्या दिवशी मूल सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने होय म्हणतं. ते होय तिच्याकडे नसेल तर एक वर्ष थांबा, दोन वर्षं थांबा. पाळकसाहेबांशी मोकळं बोला. समंजस पाळकांना मनात नसलेल्या होकारापेक्षा खरा नकार बरा वाटतो.

थांबण्यावरून टिळकांचं घर आठवतं. कवी नारायण वामन टिळकांना नवा करार मिळाला तो १८९३ मध्ये, आगगाडीत, एका अनोळखी युरोपियन सहप्रवाशाकडून. दोन वर्षं वाचन, विचार, तळमळ आणि मग १० फेब्रुवारी १८९५ ला इथे मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही त्यांच्यामागून निघाल्या नाहीत. त्यांचं सोवळं, त्यांचं दुःख, त्यांचा राग, सगळं त्यांचं होतं. सोवळ्यातली एकेक गाठ त्यांनी स्वतःच्या विचाराने सोडवली आणि १९०० मध्ये स्वतःहून बाप्तिस्मा घेतला. ज्या माणसाची भजनं आपण आजही टाळ-तबल्यावर म्हणतो, त्याच्या घरात पाच वर्षं वाट बघावी लागली. तुमचे तर चारच महिने झालेत.

हेही तपासून बघा की मुलीला काही वाटत नाही की काही कळत नाही. ती इंग्रजी माध्यमात असणार. आपल्या पवित्र शास्त्राची मराठी तुमच्या-माझ्या कानाला गोड लागते कारण ती आपण पाळण्यापासून ऐकली. माझ्या नातीने एकदा विचारलं, "आजोबा, तारण म्हणजे बँकेत सोनं ठेवतात तेच ना?" ती दर रविवारी "तारणारा" म्हणत होती आणि तिच्या डोळ्यांसमोर बँकेचं काउंटर होतं. मी तिला नदीचं उदाहरण दिलं: पुरात वाहून जाणाऱ्याला पैलतीरी नेणं म्हणजे तारणं. विठ्ठलाच्या अभंगातही हा शब्द याच अर्थाने येतो, म्हणजे शब्द आपला जुना, घरचाच आहे. नीतिमान, प्रायश्चित्त, अनुग्रह, प्रत्येक शब्द असाच एकदा फोडून सांगावा लागतो. तिला मोबाइलवर इंग्रजीतून वाचायचं असेल तर वाचू द्या. भजनं मात्र घरात मराठीच चालू ठेवा. न समजलेलं भजनसुद्धा मनात कुठेतरी घर करून राहतं, आणि ज्या दिवशी गरज पडते त्या दिवशी ते उमगतं. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारात त्यांना आमची नावं आठवत नव्हती, भजनं आठवत होती.

आणि तिला एक गोष्ट दाखवा, शिकवण म्हणून नव्हे, सहज. पवित्र शास्त्रातल्या दीडशे स्तोत्रांतली कितीतरी तक्रारीची आहेत. तेरावं स्तोत्र सुरूच होतं "कोठवर?" असं विचारत. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं, शेवटी समाधानाची एक ओळ नाही. "मला काही वाटत नाही" हे वाक्य शास्त्राबाहेरचं नाही, हे कळलं की चौदा वर्षांच्या मुलीला घराबाहेर उभं राहिल्यासारखं वाटत नाही.

प्रार्थना छोटी करा. थकलेला बाप, झोपेला आलेली मुलं आणि वीस मिनिटांची प्रार्थना, यातून फक्त जांभया निघतात. प्रभूने शिकवलेली प्रार्थना म्हणायला अर्धं मिनिटसुद्धा लागत नाही. दहा वचनं वाचा, एकाने दोन वाक्यांत मागणी करा, एक कडवं म्हणा, प्रभूची प्रार्थना, संपलं. मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. सोळाच अध्याय आहेत, गोष्ट धावती आहे, रोज दहा वचनं वाचलीत तरी अडीच महिन्यांच्या आत पुस्तक संपतं. एक अख्खं पुस्तक वाचून संपवल्याचा आनंद मुलांना फार असतो. आणि तुमची स्वतःची एक खरी मागणी त्यात असू द्या. "जगातल्या सर्व दुःखितांना" यापेक्षा "उद्या साहेबांशी बोलायचंय, मला भीती वाटतेय" हे मुलांच्या कायमचं लक्षात राहतं. माझ्या धाकट्या मुलीने मोठी झाल्यावर सांगितलं की पप्पांना भीती वाटते हे तिला पहिल्यांदा प्रार्थनेतच कळलं, आणि त्या दिवसापासून तिला तिची भीती सांगता यायला लागली.

आता तुमच्या मुलाचा प्रश्न. हा सगळ्यांत अवघड, आणि तुम्ही तो ओझरता लिहिलाय. पण मला वाटतं तुम्हाला सगळ्यांत जास्त तोच टोचतोय. आई तुमची होती.

माझी आई किडनीच्या आजाराने गेली तेव्हा मधली मुलगी नऊ वर्षांची होती. तिने गणिताच्या चौकटीच्या वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. डावीकडे मागणी, उजवीकडच्या चौकटीत बरोबरची खूण. "हरवलेली कंपासपेटी." बरोबर. "बाईंची बदली होऊ नये." बरोबर. "मम्मीची दाढदुखी." बरोबर. खाली पेन्सिलीने, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरात, "आजी". आईला मातीत ठेवून आल्यावर तीन-चार दिवसांनी, दिवा मालवल्यावर, ती अंधारात म्हणाली, "पप्पा, आजीपुढे काय करू? फुली मारू?"

शिक्षकाला उत्तर द्यायची सवय लागलेली असते. माझ्या तोंडात तीन उत्तरं तयार होती. पण त्या रात्री माझ्याच घशात आवंढा होता, म्हणून खरं तेच निघालं: "मला माहीत नाही, बाळा. मीही तेच मागितलं होतं. मलाही नाही मिळालं." ती म्हणाली, "तुम्हालापण नाही?" आणि माझा हात धरला. थोड्या वेळाने मी तिला गेथशेमानेची बाग सांगितली, येशूला धरून नेलं त्या रात्रीची. येशूनेही मागितलं होतं, हा प्याला माझ्यापासून टळू दे. मित्र झोपले होते, तो एकटा होता, आणि तो प्याला टळला नाही. देवाच्या पुत्राच्या मागणीसमोरही तशीच रिकामी चौकट होती. ती म्हणाली, "मग मी फुली नाही मारत. तशीच ठेवते." ती वही अजून आमच्या कपाटात आहे. चौकट रिकामी आहे.

हे सांगण्याचं कारण, अशा वेळी मोठी माणसं मुलांना जी तीन वाक्यं हमखास सांगतात ती तुम्ही सांगू नका. "देवाला आजी आवडली म्हणून त्याने नेली." आठ वर्षांचं मूल रात्री पडल्या पडल्या विचार करतं की देवाला उद्या मम्मी आवडली तर? "आजी झोपलीय." मूल झोपायला घाबरायला लागतं, लहान मुलं बोललेलं शब्दशः घेतात. आणि तिसरं, सगळ्यांत वाईट, "आपली प्रार्थना कमी पडली." या वाक्याने मुलाच्या खांद्यावर आजीचं मरण ठेवलं जातं. एका मुलाने मला वर्गानंतर कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, "सर, मी एक दिवस प्रार्थना न करता झोपलो होतो. त्यामुळे झालं का?" त्याने ते ओझं किती महिने एकट्याने वाहिलं असेल, देव जाणे. तुमच्या मुलाला न विचारताच सांगा: तुझ्यामुळे नाही झालं.

काय सांगायचं? आजी मेली, तिचं शरीर आता श्वास घेत नाही, तिला आता दुखत नाही. पुनरुत्थानावर आपला विश्वास आहे, ती प्रभूजवळ आहे. आणि आपल्याला तिची आठवण येते म्हणून आपण रडतो. लाजर या आपल्या मित्राच्या कबरेशी येशू रडला. थोड्याच वेळात तो त्याला उठवणार होता, तरी रडला. मुलाने तुम्हाला रडताना पाहिलं तर पाहू द्या. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा एक बाप आहे. तो येशूला म्हणतो, माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. एकाच श्वासात दोन्ही. मला तो नव्या करारातला सगळ्यांत जवळचा बाप वाटतो. रुग्णालयाच्या व्हरांड्यात बसून मी ते वाक्य किती वेळा पुटपुटलो असेन.

शब्बाथ शाळेबद्दल आता. घाबरू नका, आणि वीस जणांना शिकवायचं आहे असं धरूही नका. या शाळा १७८० च्या सुमारास इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरला रॉबर्ट रेक्सने सुरू केल्या, त्या आठवडाभर कामाला जुंपलेल्या गरीब मुलांसाठी. रविवार हाच त्यांचा मोकळा दिवस. आपली मुलंही शाळा, ट्यूशन, क्लास करून आठवड्यातली एकच सकाळ घेऊन येतात. ती आणखी एका ट्यूशनमध्ये घालवायला लावू नका.

गोष्ट नीट सांगा, हेच मुख्य काम. सोमवारीच वाचा, शनिवारी रात्री नाही. रोजच्या गाडीत मनातल्या मनात घोळवा. पुस्तक हातात न धरता सांगा. आणि गोष्ट संपली की थांबा. "तर मुलांनो, यावरून आपण काय शिकलो?" हे वाक्य मी पहिली दहा वर्षं दर रविवारी म्हटलं. मुलं त्या वाक्याची वाट बघतात, कारण त्यानंतर सुट्टी असते. आणि उत्तरही ठरलेलं असतं, खरं बोलावं, आज्ञा पाळावी. गोष्ट कुठलीही असो.

उधळ्या पुत्राची, म्हणजे वाटणी उडवून घरी परतलेल्या धाकट्या मुलाची, गोष्ट मी पंधराएक वेळा शिकवली असेन. एका वर्षी दहा-अकरा वर्षांच्या मुलांना ती सांगून, मोठा भाऊ बाहेर रुसून उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालतोय, इथे थांबलो. लूकच्या शुभवर्तमानातली गोष्ट तिथेच थांबते. मोठा भाऊ आत गेला की नाही ते लिहिलेलंच नाही. मी विचारलं, "गेला असेल का?" वर्गात नुसता गोंधळ उडाला. एक मुलगा म्हणाला, नाही जाणार, त्याला कधी बकरूसुद्धा दिलं नव्हतं. दुसरा म्हणाला, भूक लागल्यावर जाईल. मग एक मुलगी, एरवी कधी बोलायची नाही, तिच्या घरी वडील आणि काका यांचं एकाच खोलीवरून भांडण चाललं होतं हे मला ठाऊक होतं, ती म्हणाली, "पण सर, पप्पा दोन्ही वेळा बाहेर आले ना?" मी पुन्हा शास्त्र उघडून बघितलं. खरंच. धाकट्यासाठी बाप रस्त्यावर धावत जातो. मोठ्यासाठी मेजवानी सोडून अंगणात येतो. दोघांसाठी तो घराबाहेर पडतो. इतकी वर्षं शिकवून हे माझ्या नजरेला आलं नव्हतं, तिच्या आलं.

वल्हांडणाच्या, म्हणजे इस्राएल लोकांच्या मिसरातून सुटकेच्या, सणाचंही तसंच आहे. 'निर्गम' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात म्हटलंय, तुमची मुलं विचारतील, याचा अर्थ काय, तेव्हा सांगा. आधी मुलाचा प्रश्न, मग बापाची गोष्ट. धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने १५२९ मध्ये कुटुंबप्रमुखांसाठी छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली, तिच्यातही पानोपानी हाच प्रश्न आहे: याचा अर्थ काय? आम्ही वर्गात तो प्रश्न मुलांच्या तोंडून काढून शिक्षकाच्या तोंडात घातला, तिथे बिघडलं.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी. वर्गात तुमच्याबरोबर आणखी एक मोठं माणूस कायम असू द्या. एकट्या मुलाबरोबर दार लावून कधी बसू नका. मुखपाठात अडकणाऱ्या मुलाला पुढचा शब्द द्या. आणि तुमचा मुलगा तुमच्याच वर्गात येणार असेल तर पाळकसाहेबांना सांगून त्याला दुसऱ्या वर्गात बसवा. का, ते वर लिहिलंच आहे.

तुम्ही ओघात विचारलंय की गणपतीत शेजारचे प्रसाद आणतात तेव्हा मुलांना काय सांगायचं. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात प्रेषित पौलाने जवळपास हाच प्रश्न, मूर्तीला वाहिलेलं अन्न खावं का, हाताळलाय, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये दोन्ही मतांची प्रामाणिक माणसं आहेत. आमच्या घरी काय करतो ते सांगतो. दारात आलेलं ताट आम्ही दोन्ही हातांनी घेतो, आभार मानतो, आणि नाताळला आमच्या करंज्या-चकल्यांचं ताट मुलांच्याच हातून त्या दारी जातं. खायचं की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर. पण दार लावल्यावर शेजाऱ्यांच्या श्रद्धेबद्दल एकही वाकडा शब्द आमच्या घरात निघत नाही. शाळेत कुणी तुमच्या मुलाला "तुम्ही पैसे घेऊन बाटलात का" असं विचारलं, आणि कधीतरी कुणी विचारेलच, तर त्याने ते घरी येऊन सांगावं असं घर हवं. तेव्हा त्याला त्याच्या पणजोबांची गोष्ट सांगा, ते कोण होते, कुठल्या गावचे, कशासाठी या वाटेने आले. ती तुम्हाला माहीत नसेल तर गावाकडच्या म्हाताऱ्या माणसांना या मे महिन्यातच विचारून घ्या. ती माणसं फार दिवस राहत नाहीत.

जूनला अजून अवकाश आहे. पहिल्या रविवारची गोष्ट आधी घरी मुलाला सांगून बघा, दिवा मालवल्यावर, आणि तो कुठे अडवतो ते लक्षात ठेवा; वर्गातली मुलं तिथेच अडवतील. फ्लॅनेल बोर्डासाठी, म्हणजे चित्रं चिकटवायच्या कापडी फळ्यासाठी, चित्रं लागतील: बाप, दोन मुलगे, डुकरं, अंगठी, वासरू. मुलीला विचारा, काढून देशील का. तिला देवाबद्दल काही वाटत नसलं तरी डुकरं काढता येतील. नाही म्हणाली तर नाही, पुन्हा विचारू नका. चार्ट पेपर आणि कात्री मात्र टेबलावर राहू द्या.